होडी घेणे आहे

गेल्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी चहा पिता पिता फोन चाळत होतो, तेवढ्यात एक जाहिरात दिसली. 'फायबरची होडी, १७ फूट, ९.९ एचपीच्या इंजिनासकट, चालू स्थितीत, ८५ हजार.' फोटोत निळ्या-पांढऱ्या रंगाची होडी, मागे शापोरा नदी आणि नारळीची बाग. मी फोन तसाच बाबांपुढे धरला. त्यांनी चष्मा नाकावर सरकवून जाहिरात दोनदा वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "चालू स्थितीत म्हणजे नक्की काय रे?"

बाबा निवृत्त शिक्षक. वाक्यातला कच्चा शब्द त्यांना बरोबर दिसतो. मला मात्र तेव्हा फक्त किंमत दिसत होती.

होडीचं खूळ डोक्यात का शिरलं तेही सांगतो. आमचं घर पेडणे तालुक्यात, शापोरा नदीपासून जवळ. बाबा आयुष्यभर काठावरून गळ टाकत आले. पूल होण्याआधी चोपड्याच्या फेरी धक्क्यावर बसायचे, पूल झाल्यावर जवळच्या खडकांवर. शेवटा, पालू, नशीब असेल तर एखादा चोणक. "एकदा तोंडाबाहेर जाऊन गळ टाकायचा आहे," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. तोंड म्हणजे नदीचं मुख, एका बाजूला मोरजी आणि दुसऱ्या बाजूला शापोऱ्याचा किल्ला. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि खडकावर उभं राहणं बंद झालं. होडीत बसून गळ टाकता येतो. माझं काम बरंचसं घरूनच चालतं, हाताशी थोडे पैसे होते. आता नाही तर कधी, असं मनाने घेतलं.

आमच्या घरात कुणी दर्यावर्दी नाही. आम्हाला मासा कळतो तो ताटातला. त्यामुळे मी आधी मामाला फोन लावला.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, डिचोली तालुक्यातल्या पिळगावचा. डिचोली म्हटलं की खाणी आठवतात, समुद्र आठवत नाही. पण खनिज बंदरापर्यंत जायचं ते पाण्यातूनच. पिळगावच्या सारमानस धक्क्यावर बार्जी भरायच्या आणि मांडवीतून मुरगावला जायच्या. मामा पंचवीस वर्षं त्या बार्जींवर इंजिन ड्रायव्हर होता. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मध्ये काही काळ सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. मामाने तेव्हापासून घराच्या पडवीत इंजिन दुरुस्ती सुरू केली. शेतातले पंप येतात, होड्यांची ओबीएम येतात. ओबीएम म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन. आमच्या किनाऱ्यावर सगळे हाच शब्द वापरतात.

मामाचं बोलणं अस्सल डिचोलीच्या कोकणीत असतं. मी इथे ते मराठीत देतोय, तिखटपणा थोडा कमी होईल, समजून घ्या.

"पैसे दिलेस?"

"नाही अजून."

"मग बरं. त्याला सांग, इंजिन सकाळपासून चालू करू नको. आम्ही आल्यावर करू."

मला याचं कारण कळलं नाही. शनिवारी सकाळी आठला आम्ही नदीकाठी पोचलो. विकणारा माणूस हसतमुख, चहा मागवतो म्हणाला. मामाने चहाला नको म्हटलं नाही, पण आधी जाऊन इंजिनाच्या टोपणावर हात ठेवला. मग माझा हात धरून तिथे ठेवला. कोमट होतं.

"आत्ताच धुऊन ठेवलं," तो माणूस म्हणाला.

गरम इंजिन एका झटक्यात सुरू होतं. थंड इंजिन किती दोऱ्या ओढल्यावर सुरू होतं, धूर किती टाकतं, थांबल्यावर पुन्हा कसं उठतं, यावरून त्याची खरी तब्येत कळते. जुन्या कोडचं असंच असतं. डेमोला तो नेहमी चालतो, कारण डेमो देणाऱ्याने तो आधी तीनदा चालवून पाहिलेला असतो.

पुढचा अर्धा तास मामाने जे पाहिलं ते मी क्रमाने लिहून ठेवलं आहे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिलं, थंड करणाऱ्या पाण्याची धार. ओबीएम नदीचंच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतं आणि मागून एक बारीक धार बाहेर टाकतं. ती ठणठणीत हवी. आमच्यासमोरची धार मुतऱ्या नळासारखी होती आणि पाणी चटका बसेल इतकं गरम. याचा अर्थ आतला रबरी पंखा, म्हणजे इम्पेलर, झिजलेला किंवा पाण्याच्या वाटा मिठाने बुजलेल्या. इम्पेलर स्वस्त असतो. पण तो वेळेवर बदलला नाही तर इंजिन जळतं.

दुसरं, गियर ऑइल. खालच्या स्क्रूतून चार थेंब काढले. ते दुधाच्या चहासारखे निघाले. तेलात पाणी गेलं की असा रंग येतो. म्हणजे सील गेलेलं.

तिसरं आणि सगळ्यात मोठं, मागची फळी. फायबरच्या होडीत इंजिन जिच्यावर अडकवतात ती पाटी बहुतेक वेळा आतून प्लायवूडची असते आणि वरून फायबरचा लेप असतो. वर्षानुवर्षं बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपतं आणि आतलं लाकूड कुजतं. बाहेरचा रंग मात्र नवरदेवासारखा राहतो. मामाने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पाटी ठोकत नेली. कडेला टणटण, मध्यावर ढबढब. मग त्याने इंजिन वर उचलून त्याच्या पायावर सगळा भार टाकला. पाटी वाकली. डोळ्यांना दिसेल इतकी वाकली. खालच्या बोल्टाच्या भोकातून तपकिरी पाणी आलं आणि त्याबरोबर लाकडाचा भुगा.

विकणारा म्हणाला, "अहो, गेली दोन वर्षं अशीच चालतेय. चला, एक फेरी मारून येऊ बाहेर, मग बोला."

मला जायचं होतं. खरंच जायचं होतं. ऊन कोवळं होतं, नदी शांत होती, बाबा घरी वाट बघत होते. मामाने तोंडाच्या दिशेने बोट दाखवलं. दूर, नदी समुद्राला मिळते तिथे, एक पांढरी रेघ मधूनच उठत होती आणि विरत होती.

"ओहोटी लागलीय आणि बाहेरून लाट येतेय," मामा म्हणाला. "तो बार आहे. तिथे ही पाटी तुटली तर इंजिन तळाला जाईल आणि आपण आडवे होऊ. मी येणार नाही. तूही जाणार नाहीस."

बार म्हणजे नदीच्या मुखाशी पाण्याखाली साचलेला वाळूचा पट्टा. तिथे पाणी उथळ, त्यामुळे समुद्राची लाट तिथे येऊन उभी राहते. ओहोटीच्या वेळी नदीचं पाणी जोराने बाहेर धावत असतं, ते समोरून येणाऱ्या लाटेवर आदळतं आणि लाट आणखी उंच आणि उभट होते. आत नदी आरशासारखी दिसते आणि दोनशे मीटरवर होडी उलटते. मामाला हे पुस्तकातून कळलेलं नाही. पावसाळ्यात मांडवीचं तोंड अग्वादच्या बारमुळे बार्जींना बंद असायचं. मग खनिजाने भरलेल्या बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायच्या आणि तिथून मुरगावला जायच्या. शेकडो टनांची लोखंडी बार्ज ज्या बारला वळसा घालते, तिथे आमच्या १७ फुटांच्या होडीचं काय?

परतताना मी गाडीत गप्प होतो. खरं सांगायचं तर रुसलो होतो. मामा फक्त एवढंच म्हणाला, "होडी स्वस्त नव्हती. दुरुस्तीचा खर्च त्याने तुझ्या खिशात ठेवला होता."

दुसऱ्या दिवशी मी त्या माणसाला फोन करून पाटी कुजली आहे, ती बदलल्याशिवाय कुणाला विकू नका, असं सांगितलं. त्याने फोन ठेवला. नंतर जाहिरात पुन्हा दिसली. शब्द तेच होते, 'चालू स्थितीत'. किंमत ७० हजार झाली होती.

या धक्क्यानंतर मी जरा शहाण्यासारखा वागलो आणि आधी कागदांचा अभ्यास केला. गोव्यात मासेमारीच्या होडीची नोंदणी आणि परवाना मत्स्योद्योग संचालनालयाकडे असतो. हौसेच्या नावा, प्रवासी बोटी, बार्जी यांचा कारभार बंदर कप्तान खात्याकडे. आपण कोणत्या कारणासाठी होडी घेतोय ते सांगून दोन्हीकडे विचारावं आणि तेही पैसे देण्याआधी. होडीवर रंगवलेला क्रमांक, नोंदणीच्या कागदावरचा क्रमांक आणि विकणाऱ्याचं नाव जुळतं का ते पाहावं. इंजिनावर कोरलेला क्रमांक खरेदीच्या पावतीशी ताडून पाहावा. इंजिन सरकारी अनुदानावर घेतलेलं असेल तर विक्रीवर अटी असू शकतात, तेही तिथेच विचारून घ्यावं. २६/११ नंतर किनाऱ्यावरची तपासणी कडक झाली आहे. हल्लेखोर मासेमारी नौका पळवून आले होते, हे विसरून चालत नाही. बिनकागदाची होडी म्हणजे पहिल्याच गस्तीला उत्तर नाही.

लाकडी होडी घ्यावी असंही एकदा मनात आलं. आपल्याकडची जुनी होडी मोठी देखणी असते. आंब्याचं खोड कोरून तळ करायचा, वर फळ्या चढवायच्या आणि त्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवायच्या. बाजूला तोल सांभाळायला उलांडी. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी गोव्यातल्या या शिवलेल्या होड्यांची नोंद केली आहे. पण अशी होडी दरवर्षी उसवून पुन्हा शिवावी लागते, तेल पाजावं लागतं, आणि ते हात आता मोजकेच उरलेत. लॅपटॉपवर बोटं चालवणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

दुसरी होडी मिळाली ती केरीला, तेरेखोल नदीच्या काठी, आणि जाहिरातीतून नव्हे. मामाकडे इंजिन घेऊन येणाऱ्या एका मच्छीमाराने मोठी होडी घेतली होती, त्याला जुनी काढायची होती. १६ फूट, फायबरची, टू-स्ट्रोक ९.९. किंमत १ लाख ४० हजार. मी मनात पहिल्या होडीशी तुलना केली आणि ती चेहऱ्यावर दिसली असावी.

या भाऊंनी आम्हाला चहाच्या आधी दोष दाखवले. "इथे खडकाला लागली होती, आतून मॅट मारलीय, हात लावून बघ. इम्पेलर गेल्या वर्षी घातला. पंख्याचं एक पातं थोडं वाकलंय. पाटी चार वर्षांपूर्वी नवीन बसवली, लाकूड कुठलं ते सांगतो." इंजिन थंड होतं. चौथ्या ओढीला सुरू झालं आणि मामाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. पाटी ठोकली, टणटण. पायावर भार टाकला, हलली नाही.

मग भाऊंनी मला विचारलं, "तू मासे कुठे धरणार?"

"तोंडाबाहेर, जवळच."

"विकणार?"

"नाही, घरच्यापुरते."

"रात्री जाशील?"

"नाही."

"बघ, बाहेर माझी कांडाळ असते. वर फक्त बोंडं तरंगतात, थर्माकोलचा तुकडा नाहीतर प्लास्टिकचा डबा. तुझा पंखा तिच्यावरून गेला तर तुझी एक सकाळ जाईल, माझा महिना जाईल. बोंडं दिसली की लांबून वळायचं. कुणी रापण लावत असेल तर तिच्या आत शिरायचं नाही. आणि गळ टाकायला जागा विचारून घ्यायची. विचारलंस तर कुणी नाही म्हणणार नाही."

मला वाटलं होतं होडी मी विकत घेतोय. इथे माझीच मुलाखत चालली होती, आणि ती योग्यच होती. किनाऱ्याजवळचं हे पाणी मोकळं दिसतं, पण त्यासाठी माणसं भांडली आहेत. सत्तरच्या दशकात गोव्यात यांत्रिक ट्रॉलर वाढले, ते किनाऱ्याला खेटून मासे ओरबाडू लागले आणि रापणकारांच्या जाळ्यात काही येईना. तेव्हा रापणकार रस्त्यावर उतरले. माथानी साल्ढाणा त्या चळवळीचे पुढारी. त्यातून १९८०चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यापासून ५ किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. त्या पट्ट्यात मी हौस म्हणून जाणार. नियम पाळणं एवढंच पुरत नाही, तिथे आपण पाहुणे आहोत हे लक्षात ठेवावं लागतं. मोरजी-मांद्र्याच्या वाळूत हिवाळ्यात सागरी कासवं अंडी घालायला येतात. तिथल्या किनाऱ्यावर होडी ओढायची नाही, हेही भाऊंनीच बजावलं.

सौदा ठरला. होडी टेंपोवर चढवून चोपड्याच्या बाजूला आणली. पण खर्च तिथे थांबत नाही. नवीन इम्पेलर, सील, प्लग, दुरुस्त केलेला पंखा, नांगर आणि भक्कम दोर, दोन वल्ही, पाणी उपसायला डबा, चार लाइफ जॅकेट, शिट्टी, टॉर्च, फोनसाठी पाणी न जाणारी पिशवी. सगळं धरून ३८ हजार. जॅकेट चार का, माणसं तर दोनच, असं मी म्हणालो तेव्हा आई म्हणाली, "तुझी मुलगी आणि मी काठावरच बसणार असं कुणी सांगितलं तुला?" यापैकी नांगर आणि वल्ही विसरू नका. इंजिन बंद पडलं तर नांगर होडीला बारवर वाहून जाण्यापासून धरतो. दोर मात्र पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट हवा, नाहीतर नांगर धरत नाही. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे. तो फोनमध्ये आणि घरच्या फ्रिजवर, दोन्हीकडे लिहून ठेवला आहे.

नोव्हेंबरात एकदा निघालो आणि तोंडापर्यंत जाऊन परत आलो. पांढरी रेघ दिसली. बाबा काही बोलले नाहीत. मी होडी वळवली तेव्हा त्यांनी फक्त टोपी काढून पुन्हा घातली. त्या दिवशी आम्ही नदीतच थांबलो आणि दोन काळुंदर घेऊन घरी गेलो.

डिसेंबरात दिवस नीट निवडला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ फार. अष्टमीच्या पुढेमागे भांग, ओढ कमी. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आम्ही द्वादशी धरली, भरती आठच्या सुमारास पूर्ण होणार होती. लाटांचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेच्या संकेतस्थळावर आदल्या रात्री पाहिला, सकाळी पुन्हा पाहिला. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो आणि पाणी शांत राहतं. दुपारकडे समुद्रावरून खारा वारा उठतो. म्हणून साडेसहाला निघायचं, चढत्या भरतीवर बाहेर पडायचं आणि ओहोटीचा जोर धरण्याआधी आत यायचं. मामा पिळगावहून पहाटे चारला निघून आला होता. सुकाणूवर तोच बसला.

तोंडाशी आल्यावर मामाने इंजिन हळू केलं आणि पाच मिनिटं नुसता बघत राहिला. लाटा मोजत होता. मग एका संथ फटीतून आम्ही बाहेर आलो. खाली पाण्याचा रंग बदलला, गढूळ हिरव्याचा निळा झाला, आणि होडी वेगळ्या, लांब लयीत हलू लागली. मागे वळून पाहिलं तर किल्ला आणि मोरजीचा किनारा एकाच नजरेत मावत होते. बाबांनी जन्मभर ते दोन्ही काठावरूनच पाहिले होते.

बोंडांपासून लांब जाऊन नांगर टाकला. एका दोरीला पाच बारीक गऱ्या, खाली शिसं. पहिली वीस मिनिटं काहीच नाही. मग दोरी थरथरली आणि बाबांनी एकदम तीन बांगडे वर काढले. "तीन!" ते ओरडले. त्यांना वर्गात कुणी ओरडलेलं चालत नसे. साडेआठपर्यंत अकरा बांगडे झाले. अजून येत होते. बाबा म्हणाले, "आणखी दहा मिनिटं." मामाने घड्याळ पाहिलं आणि नांगर ओढायला सुरुवात केली. बाबांनी वाद घातला नाही. नोव्हेंबरात मी होडी वळवली तेव्हासुद्धा घातला नव्हता.

घरी आईने आदल्या दिवशीची एकादशी सोडून तव्यावर तेल टाकलं होतं. बाबा शेजारच्यांना अकराचे पंधरा करून सांगत होते. मी हात धुऊन पाटावर बसणार, तोच पडवीतून मामाचा आवाज आला, "इंजिन गोड्या पाण्याने धुतलंस?"

धुतलं नव्हतं. बांगडे थंड झाले, पण मी आधी जाऊन इंजिन धुऊन आलो.